काकूंच्या बोलण्यावर सरांचं भाषण

भांग वाटल्याचा हिरवट वास आला की मला कोलकात्यातली ती विजयादशमी आठवते आणि अजूनही माझं डोकं फिरतं. मी तिथे मानसशास्त्र शिकत होते. भांगेच्या अमलाखाली माणसाच्या जाणिवेत काय बदलतं ते त्याच्याच शब्दांत टिपायचं, हा माझ्या प्रबंधाचा विषय. दशमीला तिथे घरोघरी सिद्धी, म्हणजे दुधात घोटलेली भांग पितात. म्हणून बेहाला या उपनगरातल्या आमच्या शेजारच्या मराठी काकू सिद्धी पिऊन बोलायला तयार झाल्या. बाहेर विसर्जनाचे ढाक, म्हणजे तिथले मोठे ढोल, वाजत होते, खोलीत बदाम-मिऱ्यांचा वास कोंडला होता आणि कॉलेजचा टेपरेकॉर्डर चालू होता. काकू डोळे मिटून, न अडखळता बोलत राहिल्या. "ढाक बाहेर नाही गं, मीच वाजतेय," त्या म्हणाल्या, "आणि ते ऐकणारी आणखी कुणीतरी आहे." टेप मी मार्गदर्शक सरांना ऐकायला दिली. परत मिळाल्यावर लावली, तर तिच्यावर सरांचंच भाषण. "सर, यावर काकू होत्या," मी म्हणाले. "ती नशेतली बडबड होय? शुद्धीत नसलेल्या बाईचं बोलणं म्हणजे शास्त्र नव्हे." "शुद्ध हरपताना काय होतं, हाच तर माझा विषय आहे," असं म्हणून मी टेप त्यांच्या टेबलावर आपटली आणि त्यांच्याकडचा प्रबंध सोडला. काकूंना पुन्हा विचारलं, तर म्हणाल्या, "आता कुठलं आठवायला?" मी पुढे जन्मभर हेच शिकवलं. काकूंचं ते एक वाक्य दरवर्षी वर्गात सांगते; बाकीचं ज्यांनी पुसलं, त्यांना मी माफ केलेलं नाही.