मामांचा उजवा जबडा

"थांबा, दाणा बोलून राह्यला!" असं म्हणून मामांनी हात वर केला की आमच्या धान्याच्या आडतीवरची माणसं बोलायची थांबत. जुन्या जालन्यातल्या त्या दुकानात मी मुनीम आणि मामा माल पाहणारे. सोयाबीनचा एक दाणा उजव्या दाढेखाली धरायचा, डोळे मिटायचे आणि चावायचा. कट् वाजला तर वाळलेला, नुसताच दबला तर ओला. झालं! ओलावा मोजायचं यंत्र दुकानात कधीचंच आलं होतं, पण शेतकरी यंत्राकडे पाठ करून मामांच्या तोंडाकडे बघायचे. तुम्हीही तेच केलं असतं.

सगळी उमर एकाच बाजूनं चावून त्यांचा उजवा गाल डाव्यापेक्षा भरला होता. जेवताना कानापुढे कळ यायची, जांभई अर्ध्यावर अडायची. दवाखान्याचं नाव काढलं की मामा म्हणत, "काही न्हाई हो मुनीमजी, हवा लागली."

मग ते प्रकरण झालं. केदारखेड्याच्या एका शेतकऱ्याचा माल मामांनी चावला आणि "बिलकुल वाळलेला" म्हणून सांगून टाकलं. चौथ्या दिवशी पोत्यात हात घातला तर आतून गरम, कुबट वास! मामा आपल्या स्टुलावर बसले. त्यांनी रिकामं तोंड उघडलं आणि मिटलं. टक्! शेजारी उभ्या मलाही ऐकू आलं.

"दाणा न्हाई, मुनीमजी. माझा जबडाच बोलून राह्यल्ता," ते हळूच म्हणाले. "आता माझ्या शब्दावर कोण पोतं उतरवील?"

मला त्यांचं फार वाईट वाटलं. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना ओढत दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी दाढांमध्ये पातळ निळा कागद धरून चावायला लावलं आणि कुठे कुठे निळं उमटलं ते पाहिलं.

"चाचा, उजव्या दाढा झिजल्यात. तोंड मिटताना डावी आधी लागते, जबडा सरकतो आणि त्याचा खर्चा कानापुढचा सांधा भरून राह्यला. आजपासून दाणे चावणं बंद."

"मंग मी करू काय?" मामांनी विचारलं. बाई त्यांच्या दातांचं माप घेऊ लागल्या.

झोपताना दातांवर बसवायची पारदर्शक पट्टी, गरम शेक, दुधात कुस्करलेली भाकरी. मामांनी सगळं निमूट केलं. पट्टी मात्र डबीत घालून दुकानात आणायचे आणि ज्याला त्याला दाखवायचे. काही महिन्यांनी कळ थांबली, टक् थांबलं. मग बाईंनी झिजलेल्या दाढा भरून उंच केल्या आणि पुन्हा निळा कागद धरला. दोन्हीकडे सारखे ठसे! मामांनी दाढा पुसूसुद्धा दिल्या नाहीत. रिक्षा करून थेट आडतीवर आले आणि हमालांपासून शेटजींपर्यंत सगळ्यांसमोर निळं तोंड उघडत सुटले. "बघा! बराबर! दोन्हीकडं बराबर!"

आणि मग त्यांनी मला स्टुलाशेजारी ओढलं. "चावा तुम्ही. ऐकतो मी."

माझ्या गालाला कान लावून मामा बसलेले, आणि समोर कोण, तर तोच केदारखेड्याचा शेतकरी, नव्या हंगामाचा माल घेऊन! मी दाणा चावला. मामांनी डोळे मिटून ऐकलं.

"ओला हाय. दोन दिवस ऊन दाखवा."

शेटजींनी मुद्दाम यंत्र आणलं. यंत्रानंही तेच सांगितलं! शेतकरी हसत पोत्याचं तोंड बांधू लागला. "मामा म्हणले म्हंजे झालं." मला तर नाचावंसं वाटलं. त्यानंतर दोन हंगाम मी चावत राहिलो आणि मामा ऐकत राहिले.

आता मामा शहागडला लेकीकडे असतात. त्यांचं स्टूल आम्ही हलवलेलं नाही. परवा एका मालावर माझं अडलं, म्हणून त्यांना फोन लावला, गालाशी धरला आणि दाणा चावला. पलीकडून ट्रकचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते.

"दाणा ओलाच हाय, मुनीमजी," मामा म्हणाले. "पण ते टक् वाजलं ना, ते दाण्याचं न्हाई. उद्याच त्या दातांच्या बाईकडं जा. जल्दी."

मी फोन ठेवला. मामांच्या स्टुलावर बसलो, रिकामं तोंड उघडलं आणि मिटलं.

टक्!