चाचांनी न घेतलेला बोकड

बऱ्याच वर्षांमागं एका सकाळी मी बाजारात एका पिकअपच्या मागं लपून उभा होतो. चोर पकडायला.

चोर म्हणजे इस्माईलचाचा.

आज पहाटे ते वारले.

चाचा शेळ्यांचे व्यापारी. वीसेक वर्षं आमच्या गावी, बेंबळीला, आमच्या दारात यायचे. चहा घ्यायचे, कळपातले बोकड बघायचे, सौदा करून घेऊन जायचे.

एकच खोड. सगळ्यात दांडगा बोकड कधीच घ्यायचे नाहीत.

"हा नको इकू बापू. ठेव घरी."

"का चाचा? पैसे न्हायत का?"

"पैसे हैत. पन बाजार हरसाल मोठा उचलतो, मागं बारका राहतो. मग औलाद कुणाची वाढंल?"

व्यापारी फुकट शहाणपण देतो होय? भाव पाडायची आयडिया असणार.

म्हणून त्या सकाळी मी तो बोकड मुद्दाम दुसऱ्याला विकला आणि चाचांच्या पिकअपमागं थांबलो. घेणारा चाचांचाच माणूस असणार. बोकड फिरून इथंच येणार.

बोकड आला नाही. चाचा आले.

"काय बापू, पंक्चर काढतोस का?"

लाज वाटली. संशय मात्र गेला नाही.

पुढं दरसाल मी मोठा बोकड विकला. गावानंही विकला. ज्यानं त्यानं आपापला सौदा चोखच केला.

आणि कळप खुजे होत गेले.

आमच्याकडची शेळी जुळ्यांसाठी नावाजलेली. यंदा माझ्या निम्म्या शेळ्यांना एकेकच करडू.

मी यामागचा माणूस शोधत राहिलो. खाद्यात भेसळ असंल. लस खोटी असंल. व्यापाऱ्यांनी काहीतरी केलं असंल.

माणूस नव्हताच. कुणी ठरवलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून, दरसाल मोठा विकून, न ठरवता केलं होतं.

चाचांना हे सांगायचं राहिलं.

दुपारी त्यांना माती देऊन आलो. दारात यंदाचा दांडगा बोकड बांधलेला. उद्या बाजारात द्यायचा, गिऱ्हाईक ठरलेलं.

गिऱ्हाईकाला फोन करून नाही म्हणालो.

"खरं सांगा," तो म्हणाला, "जास्त कुणी दिले?"

त्याचा विश्वास बसला नाही. कसा बसणार? माझा तरी कुठं बसला होता.

देवघरातला खंडोबाचा भंडारा आणला. बोकडाच्या कपाळाला लावला, हात जोडले, दावं सोडलं. आता तो गावातल्या कुणाच्याही शेळीसाठी. विकायचा नाही, कापायचा नाही. देवाच्या नावानं सोडला, म्हणजे उद्या माझीच नियत फिरायला नको.

चाचा, माफ करा.

हा ठेवला.