हिमायतनगर लाल दिसतंय

ज्या माणसाला मी मनातल्या मनात मूर्ख म्हणत आलो, त्याला मूर्ख ठरवायची सोय मीच करून ठेवली होती. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही माझ्या बाजूने व्हाल.

आम्ही त्यांना लालहिरवे साहेब म्हणायचो. लातूरच्या आमच्या पशुखाद्याच्या कारखान्यात ते पुण्याहून आले आणि लॅपटॉप उघडून बसले. कुठल्या गावाला किती पोती गेली, ते त्यांच्या पडद्यावर रंगांत दिसे. खप वाढला की गाव हिरवं, घटला की लाल. कोणती गाडी कुठे जायची, ते या रंगांवर ठरू लागलं. पोत्याला मात्र साहेबांचा हात कधी लागला नाही. गोदामात आले तर नाकाला रुमाल. सरकीच्या ढेपेचे तुकडे पाहून एकदा म्हणाले, "या गोवऱ्या इथे कशाला ठेवल्यात?" हमाल आठवडाभर हसत होते.

"आकडा खोटं बोलत नाही," हे त्यांचं पालुपद. कंपनीच्या चहाच्या कूपनांचाही त्यांनी तक्ता केला आणि भर मीटिंगमध्ये जाहीर केलं, की चारनंतर इथे कुणाला चहा लागत नाही. गेटवरचे टपरीवाले मामू कपबश्या गोळा करत होते. ते म्हणाले, "साब, चार बजे मैंच टपरी बंद करतूं ना!" साहेब तसूभर हलले नाहीत. "तरीही कल स्पष्ट आहे," म्हणाले. अशा माणसाला काय म्हणायचं?

हदगाव-हिमायतनगरचा विक्रीचा पट्टा माझ्याकडे होता. एकाच नावावर पूर्ण ट्रकचं बिल झालं की सवलत मिळे. म्हणून मी हदगावच्या एका मोठ्या दुकानदाराच्या नावे सगळं बिल करायचो आणि निम्मी पोती हिमायतनगरच्या लहान दुकानांत उतरवायचो. सगळे खूश. पडद्यावर मात्र हदगाव हिरवंगार झालं आणि हिमायतनगर लालभडक. साहेब मला सगळ्यांपुढे उभं करत. "शिंद्यांचं हदगाव बघा! शिका यांच्याकडून." मी मान खाली घालून हसायचो. लोकांना तो विनय वाटे.

ऐन उन्हाळ्यात, कडबा संपत आला असताना, साहेब म्हणाले, "हिमायतनगर लाल दिसतंय. तिथली जनावरं कमी झाली असणार." त्या गावाचा कोटा त्यांनी हदगावला दिला. वर गाड्यांना जीपीएस बसवलं. वाट बदलली की लातूरला घंटा वाजे, त्यामुळे हदगावची गाडी हदगावलाच रिकामी होऊ लागली. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. पण माझी लबाडी उघडी पडली असती, आणि खरं सांगायचं तर मला तो माणूस तोंडावर आपटलेला बघायचा होता.

हिमायतनगरच्या दुकानदाराचा फोन आला, "ओ शिंदे भाऊ, गाडी कव्हा येऊन राहिली? लोकं दुकानापुढं बसून हायेत. म्हशी आटल्या की ओ!" आमचा ड्रायव्हर गफूरभाई म्हणाला, "साहेबाला म्हनावं, म्हशीलाबी जीपीएस लावा, मंग दिसतील." मीही हसलो. तिकडे हदगावच्या गोदामात पोत्यांना बुरशी धरली आणि हिमायतनगरची दुकानं दुसऱ्या कंपनीकडे गेली.

मालकांनी सगळ्यांना बोलावलं. "हिमायतनगर कुणी बंद केलं?"

"मी," साहेब म्हणाले. "पट्टा शिंद्यांचा आहे, पण निर्णय माझा. त्यांना यात ओढू नका."

त्याच दिवशी त्यांची नोकरी गेली.

ते लातूर सोडणार त्या सकाळी त्यांच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. सामान बांधून झालं होतं. फक्त लॅपटॉप उघडा होता. अजूनही तेच बघत होते, तोच नकाशा, तेच रंग. इतका हट्टी माणूस मी पाहिला नाही. म्हणाले, "बरं झालं आलात. जनावरं तर होती, शिंदे. मग खप दिसला का नाही? माझं कुठे चुकलं, तेवढं कळलं की निघतो."

मी दारातच उभा होतो. चपलाही काढल्या नव्हत्या.

"साहेब, तुमचं चुकलं नाही. हिमायतनगरचा माल मी हदगावच्या बिलावर टाकत होतो. तुम्हाला खोटा आकडा मी दिला. मला माफ करा."