बोर्डावर तात्यांचा नंबर

तात्यांनी दवाखान्याचा फोन दुसऱ्यांदा कधी वाजू दिला नाही. स्वतःच्या मुलीच्या लग्नात, मंगलाष्टका चालू असताना, मांडवाच्या कडेला जाऊन ते कुणाला तरी सांगत होते, "बोला, मॅडमचा दवाखाना. ताप हाय? मग उपाशी येऊ नका." मी हातात अक्षता घेऊन पुढेच उभी होते. हसू आलं, आणि खरं सांगायचं तर ऊरही भरून आला. असा माणूस आपल्याकडे आहे, याचा मला अभिमान होता.

बारामतीत दवाखाना टाकला तेव्हा मला फक्त डॉक्टरकी येत होती. कामाला माणसं ठेवणं, औषध कंपन्यांच्या लोकांना थोपवणं, विम्याच्या लोकांशी डोकेफोड करणं, हे सगळं पणदऱ्याच्या तात्यांनी अंगावर घेतलं. "मॅडम, तुमी तपासायचं. बाकीचं माज्यावर सोडा," असं त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. मी सोडलं. इतकं सोडलं की दवाखान्यातली चहापत्ती कुठं असते तेही मला ठाऊक नव्हतं.

तात्या पेशंट आल्याच्या क्रमानं आत सोडत नसत, एसटीच्या वेळेनं सोडत. वडगाव निंबाळकरची गाडी सुटायची असली की तिकडची माणसं आधी. मोटारसायकलवाले कुरकुरले की तात्या म्हणायचे, "तुमची गाडी दारात हुबी हाय. म्हातारीची निघून गेली तर तिला घरी सोडणार का?" एकदा एक जण चिडून "सोडतो की!" म्हणाला आणि खरंच सोडून आला.

बोर्ड रंगवताना पेंटरनं फोन नंबर विचारला. तात्यांनी स्वतःचा मोबाइल सांगितला. "तुमाला कशाला तरास? पेशंट बघताना फोन घेनार व्हय?" मला पटलं. मग औषधाच्या चिठ्ठ्यांवर, फायलींवर, शेजारच्या मेडिकलमध्ये तोच नंबर गेला. गावोगावच्या मोबाइलमध्ये 'डॉक्टर मॅडम' या नावाखाली तात्याच होते.

मध्यंतरी माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मॅडम बाहेरगावी गेल्यात, असं पेशंटना सांगायचं ठरलं. खरं फक्त तात्यांना माहीत होतं. मी पुन्हा कामाला लागले आणि थोड्याच दिवसांत ते म्हणाले, "गुडगं लय दुखत्यात. आता थांबतो." मी शाल-श्रीफळ दिलं, वर रडलेही.

त्यानंतर बाकडी रिकामी पडू लागली. लोक ऊसतोडीच्या गडबडीत असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग एक दिवस कोऱ्हाळ्याच्या पार्वतीआजी आल्या. माझ्या जुन्या पेशंट. आत येताच त्यांनी माझ्या तोंडासमोर हात हलवून बघितला.

"दिसतंय की वं तुमाला!"

"न दिसायला काय झालं, आजी?"

"तुमच्या नंबरावर फोन केलता. तात्या म्हनले, मॅडमला आता दिसत न्हाय. इंदापूर रोडला नवा दवाखाना झालाय, तितं या, मी तितंच हाय. म्हनलं, आंधळ्या झाल्या असल्या तर भेटून तरी यावं."

आजींचं ब्लडप्रेशर मोजताना माझंच वाढलं असणार. माणूस चांगल्या जागी गेला म्हणून मला राग नसता आला; सांगून गेले असते तर मीच पेढे वाटले असते. पण मी विश्वासानं सांगितलेली गोष्ट उचलून त्यांनी मलाच आंधळी केलं होतं. "नालायक माणूस!" मी मोठ्यानं म्हणाले.

"म्हना, म्हना," आजी म्हणाल्या.

मी बोर्ड नवा केला, नंबर माझा टाकला. काही पेशंट परतले, बरेच परतले नाहीत.

पाडव्यानंतर एका दुपारी तात्या दारात. सोबत बायको, तिला धाप लागलेली. "मॅडम, हिला तुमीच बघा. तितल्या डॉक्टरांवर माजा इस्वास बसत न्हाय."

मी काकूंना नीट तपासलं, गोळ्या लिहून दिल्या. मग तात्यांना म्हटलं, "बाहेर माणसं बसलीत. एवढं सांगा त्यांना, मॅडमला दिसतं म्हणून."

तात्यांनी गोळ्यांची चिठ्ठी घडी करून खिशात घातली. "तितं कळलं तर माजी नोकरी जाईल, मॅडम," म्हणाले आणि काकूंची पिशवी उचलून मागच्या दारानं गेले.

पुढच्या महिन्यात काकू एसटीनं एकट्याच आल्या. "ह्यांना सांगितलं न्हाय," म्हणाल्या. मी त्यांची छाती तपासली, गोळी बदलली. तात्या कसे आहेत, हे विचारायचं अगदी ओठावर आलं होतं. विचारलं नाही.