सिकल आमच्या घरात नाही

नोकरीतल्या बऱ्याच केसेस मी विसरलो, काही तर मुद्दाम विसरलो. गांधीबागच्या कापडबाजारात हरवलेल्या पोरीची केस मात्र अजूनही जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. नावं कोणाचीच सांगणार नाही. त्यातली माणसं याच शहरात राहतात, त्यांना सुखानं राहू द्यावं.

पोरीची आई कापडाच्या एका ठोक दुकानात साड्यांच्या घड्या घालायची. दिवाळीची गर्दी होती. जेमतेम बोलायला लागलेली पोर दुकानाच्या ओट्यावर खेळत होती आणि गिऱ्हाइकांच्या रेट्यात कुठं गेली, कोणालाच कळलं नाही. मी तेव्हा त्या ठाण्यात उपनिरीक्षक होतो. अपहरणाचा गुन्हा दाखल केला, बसस्थानक, रेल्वे, अनाथालयं पालथी घातली. वर्णन लिहून घेताना आईला नेहमीचे प्रश्न विचारले. कपडे कोणते, अंगावर खूण कोणती, काही आजार आहे का.

"काही नाही साहेब, धडधाकट हाय माही पोर," ती म्हणाली. आम्ही तसंच लिहिलं आणि धडधाकट पोर शोधत राहिलो.

बाजार बंद असला की ती हमखास ठाण्यात यायची आणि दाराजवळच्या बाकावर बसायची. आरडाओरडा नाही, रडणं नाही. उठताना एकच प्रश्न, "लागला का साहेब पत्ता?" शिव्या देणारी माणसं पोलिसाला परवडतात, अशी गप्प बसणारी परवडत नाहीत. पुढे तिचा नवरा वारला, माझी बदली झाली. कितीतरी वर्षांनी मी निरीक्षक होऊन त्याच ठाण्यात परत आलो, तर तीच बाई त्याच बाकावर. मला ओळखून उठून उभी राहिली.

"आता शाळेत जात असन ना साहेब माही पोर?" तिनं विचारलं. मी हवालदाराला चहा सांगितला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझा एक खबरी आला. हा ऑटो चालवायचा. लकडगंजात लाकूड कापायच्या आरा मशीनच्या मागं एका खोलीत एक विधवा बाई आणि तिची मुलगी राहत होती. मुलगी घडीघडी आजारी पडायची आणि हाच तिला दवाखान्यात न्यायचा.

"काल नळावर भांडण झालं साहेब. शेजारीण तिले म्हणे, चोरून आणलेली पोर हाय तुही. अन् बाई एका शब्दानं बोलली नाही. नळावर अन् गप्प! मले तं तिथंच डाऊट आला."

खबरी बेरकी होता, पण माणसं ओळखायचा. मुलीचं वय जुळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच महिला उपनिरीक्षकाला बरोबर घेऊन मी त्या बाईची चौकशी सुरू केली.

बाईपाशी सगळ्याची उत्तरं होती. बाळंतपण गावी घरीच झालं, सुईण वारली, कागदपत्रं पुरात गेली. खोटं बोलणारा माणूस सहसा घाईत उत्तर देतो. ही सावकाश बोलत होती आणि मध्येच विचारत होती, "पोरीनं गोळी घेतली का? पाणी पाजा तिले, पाणी कमी पडलं का हातपाय दुखतात तिचे." मी चक्रावलो. इतकी माया चोराच्या अंगी कुठून येईल, असं क्षणभर वाटून गेलं. तोवर हाती धड पुरावा काहीच नव्हता.

मुलीला सिकल सेल हा रक्ताचा आजार होता. आमच्या विदर्भात हे नवीन नाही. पण लोक तो महारोगासारखा लपवतात, कारण कळलं की घरातली लग्नं अडतात. सोयरिकीला गेलं की पत्रिकेआधी हळूच रक्ताची चौकशी होते. मी सहज, तिचं मन जरा मोकळं व्हावं म्हणून विचारलं, "तुमच्या घराण्यात पहिल्यापासून आहे का हा आजार?"

बाई ताडकन उठली. तेवढ्या वेळात पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "काय बोलून राहिले साहेब? सिकल आमच्या घरात नाही! ना माह्यात, ना माह्या मालकात. लग्नाआधी दोघांचंबी रक्त तपासलं होतं. पाहिजे तं आता तपासा माहं!"

मी वही मिटली आणि म्हणालो, "बसा बाई. तपासू."

रक्त तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मला समोर बसवून समजावलं. शरीर कसं घडवायचं ते प्रत्येक पेशीत चार अक्षरांत लिहिलेलं असतं. त्याची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. सिकल म्हणजे त्या लिखाणात एका ठिकाणी एक अक्षर बदललेलं. एकच प्रत तशी असली तर माणसाला सहसा त्रास होत नाही, त्याला कळतही नाही. दोन्ही तशा आल्या की आजार. या मुलीच्या दोन्ही तशा होत्या, म्हणजे एक आईकडून यायलाच हवी. आणि त्या बाईच्या रक्तात ते बदललेलं अक्षर नव्हतंच.

"मग असलं वाईट अक्षर इतक्या पिढ्या टिकलं कसं?" मी विचारलं.

"वाईट कसं म्हणता? एक प्रत असली तर हिवताप सहसा जीव घेत नाही साहेब. जंगलात राहणारे आपले पूर्वज त्याच्यामुळंच तर वाचले. वाचले ते पुढे देत गेले."

बाईसमोर रिपोर्ट ठेवला. ती भिंतीला टेकून खाली बसली. "मालक गेल्यावर, मूल नाही म्हणून सासरच्यांनी काढलं होतं मले. ही पोर दुकानाच्या ओट्यावर रडून राहिली होती. जवळ तिचं कोणीच नव्हतं. उचलली, अन् मंग खाली ठेवनं झालंच नाही."

मग आईला बोलावलं. मुलीला सिकल आहे म्हटल्याबरोबर तिनं तोंडावर पदर दाबला. "मले माहीत होतं साहेब. तवा नणंदेचं लगीन जमून राहिलं होतं. सासू म्हणे, सांगशीन तं सोयरीक मोडन. म्हणून नाही सांगतलं." सांगितलं असतं तर पहिल्या महिन्यातच मी सिकलचे दवाखाने धुंडाळले असते. हे मी बोललो नाही. तिला ते माझ्याआधी कळलं होतं.

न्यायालयाच्या परवानगीनं डीएनएचे नमुने गेले, ते आईशी जुळले, बालकल्याण समितीनं मुलगी आईच्या ताब्यात दिली. पेपरात फोटो आले, आमची पाठ थोपटली गेली. पण मुलगी आईजवळ जाईना. तिला 'काकू' म्हणायची आणि रात्रंदिवस त्या दुसरीसाठी झुरायची. एकदा मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा मुलीचे गुडघे ठणकत होते, आई शेकत होती. पोर फणकाऱ्यानं म्हणाली, "तिनं तं मले काहीच दुखणं दिलं नाही. तू काहून दिलं?"

आईचा हात थांबला. "माह्यापाशी होतं ते दिलं वं," एवढंच म्हणाली आणि पुन्हा शेकू लागली. मी पोरीला डॉक्टरीणबाईंचं हिवतापाचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

त्या दुसऱ्या बाईला शिक्षा झाली. मी निवृत्त झालो. एक दिवस आई माझ्या घरी आली. मला वाटलं काही तक्रार असेल. म्हणाली, "साहेब, जेलात भेटायचा अर्ज कसा करतात? पोरगी लय आठवण काढते तिची."

मीच त्या दोघींना घेऊन गेलो. मुलगी आत गेली. आई फाटकाबाहेरच्या बाकावर बसली, ठाण्यात बसायची तशीच. आत जाता का, असं मी विचारलं तर म्हणाली, "नाही. मले वाट पाहाची सवय हाय." मी शेजारी बसलो. खरं सांगतो, पोर बाहेर येऊन रडेल, काकूच्या घरी परत नाही जात म्हणेल, याची मला धास्ती होती. आईला तर असणारच, तिच्या हातातला रुमाल पिळून निघाला होता.

माणसानं माणसाला काय दिलं हे रक्तात वाचता येतं, हे मला या केसनं शिकवलं. कोणाची आठवण कोणाला येईल, हे मात्र तिथं लिहिलेलं नसतं. त्याला कुठलीच प्रयोगशाळा नाही.

फाटक उघडलं. मुलगी बाहेर आली, डोळे सुजलेले, गुडघा धरून चालत होती. आई उठली, पण पुढे गेली नाही. पोरीनं इकडंतिकडं पाहिलं, मग बाकाकडे.

"माय," ती म्हणाली, "लय दुखून राहिलं वं. चाल ना घरी."