निळ्या पाळण्यातलं वजन

गावात येणाऱ्या पाहुण्यांना तिकीट फाडता फाडता मी एकच सांगते: आधी किल्ला बघा, मग आकाशपाळण्यात बसा, आणि पोटभर जेवून तर अजिबात बसू नका. ऐकतंय कोण! उतरल्यावर माझ्याच खिडकीपुढे ओकतात आणि वर पाणी मागतात. किल्ला चढायचा कंटाळा असेल तर मात्र आमचं चाक बरं. वर गेलं की पडका बुरूज, कोरडा हौद, तुरुंगाचे झरोके, सगळं बसल्या जागी दिसतं.

चाक चालवतो माझा दादा. समोरासमोरच्या पाळण्यांत सारखं वजन लागतं, नाहीतर ब्रेक सैल केला की चाक जड बाजूला धाडकन जातं. माणूस नुसता चालत आला तरी दादा त्याचं वजन ओळखतो. गर्दी नसली की रिकाम्या जागी तो वहिनीला बसवायचा. अख्खा संसार ती बाई वजनाला बसली. निळा पाळणा तिचा. तिथून ती समोरच्या लोकांना किल्ल्याचा इतिहास ओरडून सांगायची, त्यातला निम्मा पदरचा. "हा मला बघायला आला होता की तोलायला, देव जाणे," म्हणायची आणि स्वतःच हसत सुटायची.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. दादा रडला नाही. कामावर परत आला आणि पहिल्याच फेरीला चुकला. सवयीनं निळा पाळणा मोकळा सोडून त्याच्या समोर एक धिप्पाड माणूस बसवला. चाक पाव फिरवून दोन्ही पाळणे बरोबरीला आणले. मी ओरडेपर्यंत त्यानं ब्रेक सैल केलासुद्धा.

चाक जागचं हललं नाही.

तेव्हापासून तो रोज तसंच करायला लागला. निळ्यात कुणी पाय ठेवला की "तिथे बसलंय" म्हणून उठवायचा. मी तिकडे बघणं टाळायला लागले. वारा सुटला की बाकीचे पाळणे झुलायचे आणि निळा एकटा गप्प असायचा. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटायची. माझीच वहिनी, आणि मला तिची भीती वाटायची.

मालकांच्या कानावर गेलंच. एका सकाळी फाटक उघडायच्या आधी ते येऊन उभे राहिले. "निळ्यात वाळूचं पोतं ठेव, नाहीतर ब्रेकचा लीव्हर सोड आणि घरी बस. कुणाचा जीव गेला तर तू देणार आहेस?"

दादा पांढराफटक पडला. "तिच्या मांडीवर पोतं ठेवू?"

लीव्हर सोडणं म्हणजे तिला सोडणं, हे मला कळत होतं. पण मालकांचंही चूक नव्हतं. एखाद्या फेरीला ती नसली तर समोर बसलेली पोरंबाळं दाणकन खाली आली असती. मी म्हटलं, "मालक, तुम्हीच बसा समोर. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष."

मालक बसले. दादानं चाक पाव फिरवलं. निळा पाळणा पलीकडच्या बाजूला त्यांच्या बरोबरीनं आला. ब्रेक सैल झाला. मालकांचं ते पोट, चाक त्यांच्या बाजूला जायलाच हवं होतं. नाही गेलं.

"गंजलंय," मालक म्हणाले, पण पुढचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून.

"मी बसते," मी म्हटलं. कुठून बळ आलं कोण जाणे. दादानं निळा पाळणा खाली आणून मला बसवलं आणि चाक पाव फिरवून मला मालकांच्या बरोबरीला आणलं. माझं आणि मालकांचं वजन सारखंच, मेलं नशीब. निळ्यात फक्त मीच असते तर चाक जागच्या जागी राहिलं असतं. दादानं ब्रेक सैल केला आणि माझा पाळणा हळूहळू खाली निघाला. मालक वर जाऊन बोंबलायला लागले. मी बघते तर मी पार कडेला सरकून बसलेली, शेजारी जागा सोडून. सरकले कधी, मला ठाऊक नाही.

भीती कुठल्या कुठे गेली. माझा जीव तुटला. "अरे दादा, जन्मभर वजनाला बसवलंस की रे तिला!" मी ओरडले. "आता तरी उतरू दे!"

पाळणा तळाशी टेकला. दादानं ब्रेक घट्ट केला, लीव्हर सोडला आणि जवळ आला. मला वाटलं माझ्यावर खेकसणार. त्यानं आडवा दांडा उचलला आणि शेजारच्या मोकळ्या जागेपुढे हात धरला.

"उतर गं," तो म्हणाला. "दमली असशील."

पाळणा किंचित डुलला, माणूस उतरताना डुलतो तसा. दादा तसाच उभा होता, हात पुढे करून. मग हात सावकाश खाली आला. मीही उतरले.

त्यानं लीव्हर धरला आणि ब्रेक जरासा सैल केला. मालक शिव्या देत खाली यायला लागले. निळा पाळणा भिरभिरत वर गेला, सगळ्यात वर. दादा मान वर करून बघत राहिला.

"हलका आहे गं," तो मला म्हणाला आणि तिथेच लहान मुलासारखा रडायला लागला.