जुनी गाडी, नवी गाडी आणि पन्नास किलो कांदे

बायकोशी खोटं बोलायचंच असेल तर त्यात नाशवंत माल आणू नये, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तोवर आमच्या महादेवपुऱ्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत पन्नास किलो कांदे साठले होते आणि त्यातल्या काहींना हिरवे कोंब फुटले होते. घरात माणसं दोन.

हे कांदे का आले, ते सांगायचं तर आधी गाडीचं सांगायला हवं.

मला व्यसन म्हणाल तर एकच. परदेशी कंपनीची एक चार दारांची स्पोर्ट्स सेडान आहे. बाहेरून बघितली तर एखाद्या बँक मॅनेजरने घ्यावी अशी सभ्य आणि बॉनेटखाली शर्यतीच्या मैदानातलं इंजिन. पुण्याहून नोकरीसाठी इथे बेंगळुरूला आलो तेव्हा तिची आधीच्या पिढीतली एक मी सेकंडहँड घेतली. सहा सिलिंडर, टर्बो वगैरे काही नाही, हाताने टाकायचे गिअर, आणि मांडीचा व्यायाम होईल असा क्लच. दहा वर्षं चालवली. मग तिची नवी पिढी बाजारात आली आणि माझं डोकं फिरलं. माहितीपत्रक तोंडपाठ झालं. जेवताना मी बायकोला टॉर्कचे आकडे सांगू लागलो. ती म्हणाली, "भाजी वाढू का टॉर्क?"

सोसायटीत आम्हाला पार्किंगची जागा एकच. म्हणून मी शब्द दिला की नवी आली की आठ दिवसांत जुनी विकतो. बायको निपाणीची. मराठी आणि कानडी दोन्ही तिच्या जिभेवर सारखीच नांदतात. ती नुसतं "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणाली आणि तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला गोल केला.

नवी आली. आठव्या दिवशी मी जुनी घेऊन निघालो. ती थेट यशवंतपूरला अण्णांच्या गॅरेजमध्ये नेली, मागच्या शेडखाली उभी केली आणि वरून ताडपत्री ओढली. घरी येऊन जाहीर केलं, "गेली."

म्हटलं तर खरंच. घरातून गेली होतीच.

अण्णा म्हणजे आमचे मेकॅनिक. चिकोडीकडचे, तीस वर्षं बेंगळुरूत, दहा वर्षं माझ्या जुन्या गाडीचे डॉक्टर. ताडपत्री बांधताना ते म्हणाले, "साहेब, माणसं लपवून दुसरी करत्यात. तुम्ही पहिलीच लपवायला लागलाय की!"

आता ताडपत्रीखालच्या गाडीला आठवड्यातून एकदा तरी फिरवायला हवं, नाहीतर बॅटरी उतरते, टायर एका बाजूने बसतात. मग दर शनिवारी सकाळी यशवंतपूरला जायचं कारण काय सांगायचं? यशवंतपूरला घाऊक बाजार आहे. "तिथे कांदा फार सुरेख मिळतो," मी म्हणालो. ज्या माणसाने लग्नानंतर कोथिंबिरीची जुडीसुद्धा धड आणलेली नाही, तो हे म्हणाला. बायकोने माझ्याकडे बघितलं, पिशवी हातात दिली आणि पुन्हा म्हणाली, "सरी."

पिशवी कसली! घाऊक बाजारात दोन किलो मागितले तर दुकानदार चेहऱ्याकडे बघत राहतो. पोतंच घ्यावं लागायचं, दहा किलोचं. पण त्या शनिवारांचं काय सांगू! मी नव्या गाडीने यशवंतपूरला जायचो, ती अण्णांच्या दारात लावायचो आणि जुनी काढून हेब्बाळच्या पुढे विमानतळाच्या रस्त्यावर तासभर फिरवून आणायचो. म्हणजे एकाच सकाळी दोन्ही पिढ्या हाताखालून जायच्या. हा योग फार थोड्या लोकांना येतो, म्हणून मी एक वही केली. शास्त्रीय तुलना.

वहीतल्या पहिल्या पानावर लिहिलंय की जुन्या गाडीचं स्टिअरिंग बोलतं. रस्त्यावर कालच बुजवलेला खड्डा तळहाताला कळतो. नवीचं स्टिअरिंग इतकं हलकं की रस्ता शेजारच्या खोलीत आहे असं वाटावं. जुनीला जोरात काढायचं तर आधी गिअर उतरवायचा, इंजिन वर चढू द्यायचं, मग ती गाते. नवीला नुसता पाय लावला की टर्बो मानगूट धरून पुढे नेतो. वेगात नवी जुनीला सहज मागे टाकेल, यात वाद नाही. फक्त त्यासाठी रस्ता मोकळा हवा. महादेवपुऱ्यात मी ही ताकद ताशी अकराच्या वेगाने ऑफिसला नेतो.

नवीचा आवाजही तिचा स्वतःचा नाही. तो आतल्या स्पीकरमधून येतो आणि स्क्रीनवर निवडता येतो. एकदा सिग्नलला अडकलो असताना मी काच खाली करून सगळ्यात उग्र आवाज लावला. शेजारच्या रिक्षावाल्याने काळजीने मान बाहेर काढली. "सार, सायलेन्सर होगिदे." तुमचा सायलेन्सर गेलाय! मी मान डोलावली आणि काच वर केली.

दुसरी चाचणी फिल्टर कॉफीची. दोन्ही गाड्यांच्या डॅशबोर्डवर काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ठेवून तोच स्पीडब्रेकर ओलांडायचा आणि किती सांडते ते बघायचं. जुनीत अर्धा पेला सांडला. नवीत एक थेंब नाही. मी खूश होऊन वहीत नोंद करायला वाकलो, आणि माझ्याच कोपराने सगळा पेला नव्याकोऱ्या फिकट सीटवर. निष्कर्ष लिहायचा राहून गेला.

पाचव्या शनिवारी मी पाचवं पोतं खांद्यावर घेऊन घरात शिरलो. बायको जेवणाच्या टेबलाशी फोन घेऊन बसली होती.

"अहो, कांदाबाजार गॅरेजमध्ये भरतो का?"

"म्हणजे?"

तिने फोन माझ्यापुढे धरला. नव्या गाडीचं ॲप. गाडी घेतली त्या दिवशी मीच मोठ्या कौतुकाने तिच्या फोनवर टाकून दिलं होतं. गाडी कुठे आहे, किती वाजता थांबली, दारं लावली की नाही, सगळं त्यात दिसतं. पाचही शनिवारी सकाळी गाडी अण्णांच्या गॅरेजच्या दारात सव्वा ते दीड तास उभी होती. बाजारात बारा मिनिटं. शिवाय पेट्रोलची टाकी मला वाटते त्यापेक्षा रिकामी आहे, हेही ते ॲप विचारलं नसताना सांगत होतं.

जुन्या गाडीने दहा वर्षांत माझी एकही गोष्ट घरी सांगितली नव्हती. ही तुलना मात्र माझ्या वहीत नव्हती.

मी सगळं कबूल केलं. ती ऐकून घेत होती, मध्ये एकदा तिने बाल्कनीकडे बघितलं. मग म्हणाली, "आयुधपूजेला दोन्ही गाड्या इथे आणा. पूजा दोघींची करू. दुसऱ्या दिवशी दसरा. त्या दिवशी एक जाणार. आणि ह्या वेळी कुठे जाते ते मी बघणार."

कुठली जाणार हे उघड होतं. हेब्बाळच्या एका डॉक्टरांना जुनी फार दिवस हवी होती. दसऱ्याला सकाळी येतो म्हणाले. मी अण्णांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "ऑइल बदलून ठेवतो. परक्याच्या घरी जायची हाय."

इथली आयुधपूजा पुण्याच्या दसऱ्यासारखी झेंडूची एक माळ लावून भागत नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंना केळीचे खांब बांधायचे, समोरून हार, कुंकू भरलेला कोहळा कापूर लावून गाडीपुढे ओवाळायचा आणि फोडायचा, आणि चारही चाकांखाली लिंबं ठेवून गाडी पुढे घ्यायची. चारी लिंबं फुटली की दृष्ट गेली. बाहेरून आलेला माणूस अशा गोष्टी मूळच्या लोकांपेक्षा जास्त करतो. मी नव्या गाडीला एवढे मोठे केळीचे खांब बांधले की समोरचे दिवे दिसेनात, आणि जाळीवर मांडीएवढा जाड हार. जुनीला अण्णांनी यशवंतपूरहून येतानाच एक साधी माळ घातली होती. ती कोपऱ्यात उभी होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

सोसायटीतले सगळे खाली जमले होते. वॉचमन कोहळा घेऊन नव्या गाडीसमोर उभा राहिला, ओवाळून बाजूला सरकला आणि त्याने मला हात केला. "सार, स्वल्प मुंदे बन्नी." जरा पुढे या.

मी पाय लावला. गाडी तीन इंच गेली आणि खाडकन थांबली. माझं कपाळ जवळजवळ काचेला. स्क्रीन लाल झाला. समोर अडथळा.

अडथळा म्हणजे तिच्याच नाकाला बांधलेली केळ. सेन्सरला वाटलं, झाडीत शिरतोय.

पुन्हा पाय लावला. पुन्हा खाडकन. आता सगळ्या बाजूंनी टूं टूं टूं सुरू झालं. वॉचमनला वाटलं दृष्ट फारच जबर आहे, म्हणून तो धावत पुन्हा समोर येऊन कोहळा ओवाळू लागला. आता तर समोर जिवंत माणूस आणि पेटलेला कापूर! गाडीने ब्रेक धरला तो सोडेचना. मी स्क्रीनवर ती सोय बंद करायची जागा शोधू लागलो. एका यादीत दुसरी यादी, दुसरीत तिसरी. मागे पूजेला थांबलेल्या गाड्यांनी हॉर्न द्यायला सुरुवात केली. एवढ्यात स्क्रीनवर कॉफीच्या कपाचं चित्र आलं: आपण थकलेले दिसता, विश्रांती घ्या.

अण्णा खिडकीशी आले. "साहेब, ह्या गाडीला विचारून पूजा करायची व्हय?"

"अण्णा, मस्करी नको. काहीतरी करा."

"मी काय करणार? हिला पाना लागत नाही, पासवर्ड लागतोय."

मी खाली उतरलो. चारही लिंबं जशीच्या तशी. लोक हसत होते, काही फोनवर व्हिडिओही काढत होते. बायकोने पदर खोचला आणि ती कोपऱ्यातल्या जुन्या गाडीकडे चालत गेली.

"थांब, थांब!" मी मागे धावलो. "तिचा क्लच फार जड आहे. सवय लागते. दहा वर्षं मी तुला..."

"दहा वर्षं दिली नाहीत, माहिती आहे मला. अण्णा, किल्ली."

अण्णांनी किल्ली दिली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"अगं, गिअर जरा डावीकडे दाबून..."

"निपाणीला आमच्या तंबाखूच्या वखारीचा टेम्पो मी चालवायची," ती दार लावत म्हणाली. "पाऊस, चिखल, मागे भरलेला माल. तुम्ही कधी विचारलं नाहीत. आता बाजूला व्हा, तुम्हीच अडथळा आहात."

वॉचमनने लिंबं उचलून जुनीच्या चाकांखाली ठेवली. इंजिन लागलं. तो आवाज स्पीकरमधला नव्हता. तिने क्लच असा सोडला की गाडी दचकली नाही, डुलली नाही, सरळ पुढे आली. फट्. फट्. मागची दोन एकदमच. कोहळा फुटला, टाळ्या पडल्या, आणि अण्णा आपल्या गॅरेजच्या फडक्याने डोळे पुसत होते. कापराचा धूर म्हणाले.

ती खाली उतरली नाही. गाडी तशीच फिरवून तिने आमच्या एकुलत्या एक पार्किंगच्या जागेत नेऊन लावली. मग काच खाली केली. "डॉक्टरांचा नंबर द्या."

फोनवर ती कानडीत बोलली. मला एवढंच समजलं की गाडी विकायची नाही, मालकीणबाईंना आवडली आहे, आणि दसऱ्याच्या शुभेच्छा.

"आणि एक जाणार होती ती?" मी विचारलं.

तिने केळीच्या बनात उभ्या असलेल्या नव्या गाडीकडे बोट केलं. "ती जाणार की. दुसरी जागा शोधा."

जागा मिळाली. तिसऱ्या गल्लीतल्या एका इमारतीत, घरापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर. रोज सकाळी मी डबा घेऊन, ऊन असेल तर टोपी घालून, देशातल्या सर्वांत वेगवान चार दारांच्या गाड्यांपैकी एकीपर्यंत पायी जातो. तब्येत सुधारली आहे.

आता दर शनिवारी सकाळी बायको जुनी गाडी घेऊन निघते. "यशवंतपूरला जाते, कांदा आणायला," म्हणते. तीन तासांनी परत येते. केस वाऱ्याने विस्कटलेले, गाल लाल आणि हातात एक किलो कांद्याची पिशवी. मध्ये कुठे जाते, किती वेगाने जाते, मला कळायला काही मार्ग नाही. त्या पिढीच्या गाडीत ती सोयच नाही.

परवा धीर करून विचारलं, "पुढच्या शनिवारी मी येऊ का? नुसता शेजारी बसेन."

ती किल्ली बोटावर फिरवत म्हणाली, "कॉफीचा पेला आणणार नसाल तर बघू."